हळदीच्या दोऱ्याची गाठ

देवानं माझ्यावर कृपा केली असं मी आज म्हणतो. पण गेल्या उन्हाळ्यात कुणी माझ्यासमोर देवाचं नाव काढलं असतं, तर मी त्याला दारातून हाकललं असतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. असे अनुभव लिहिणारी माणसं बहुतेक शांत स्वभावाची असतात. मी तसा नाही. तीस-बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, पोरांवर खेकसण्यात आवाज बसला, आणि तो खेकसणारा आवाज घरातही तसाच राहिला. बायको म्हणते, तुमी निवृत्त झाला, तुमची छडी न्हाई झाली.

आमचं घराणं मेंढरं राखणाऱ्यांचं. बाप जन्मभर मेंढरांमागं रानोमाळ फिरला. मी शिकलो, गुरुजी झालो, पालमजवळ आमच्या गावातच चार खोल्यांचं घर बांधलं. कुलदैवत खंडोबा. नोकरीतून मोकळं झाल्यावर दोघांनी मिळून देवदेव करत फिरायचं असं ठरवलं होतं. आणि निवृत्तीला वर्ष व्हायच्या आत बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या. डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, मंगळवार आणि शुक्रवार, परभणीला. चुकवायचं नाही. आणि पाणी मोजून प्यायचं. लघवीच होत नाही तर प्यालेलं पाणी जाणार कुठं? ते अंगात साचतं, छातीत चढतं.

तेव्हापासून तिचं पाणी मी मोजतो. रोज सकाळी एका बाटलीत खुणेच्या रेघेपर्यंत पाणी भरायचं, आणि दिवसभर तेवढ्यावरच भागवायचं. एप्रिल-मे महिन्यात परभणी जिल्ह्यात काय ऊन असतं ते मी सांगायला नको. ओठ सुकलेले असायचे तिचे. ती बाटलीकडं हात न्यायची आणि मी म्हणायचो, बास. दिवसातून दहा वेळा मी बास म्हणायचो. तहानलेल्या माणसाला बास म्हणायचं काम देवानं माझ्याच वाट्याला का दिलं, हा माझा त्याच्याशी पहिला तंटा.

सुरुवातीला एसटीनं गेलो. येताना तिला उलट्या व्हायच्या, उभं राहवायचं नाही, आणि शेजारचा माणूस नाकाला रुमाल लावायचा. मग एक जुनी गाडी घेतली. वीस वर्षांची, पांढरी, पण इंजिन इमानदार. घेतल्या दिवशीच मी नवस बोललो की हिला सुखरूप ने-आण कर, तुझा दिवा गाडीत कधी विझू देणार नाही. डॅशबोर्डवर खंडोबाची पितळी मूर्ती बसवली, मूर्तीमागं लाल-पिवळा छोटा दिवा. चावी फिरवली की देव उजळायचा.

तो दिवा मी स्वतः जोडला. गॅरेजवाल्याला जोडू दिला नाही, नवस माझा होता. स्टिअरिंगखाली हात घातला, चावी दिल्यावर ज्या वायरीत करंट येतो ती शोधली, तिची साल ब्लेडनं काढली आणि दिव्याची तार तिला पीळ देऊन गुंडाळली. वरून लावायला काळी टेप घरात नव्हती. म्हणून खंडोबाच्या ठाण्यावरून आणलेला हळदीचा दोरा त्या जोडावर गुंडाळला, सात गाठी मारल्या, वर चिमूटभर भंडारा लावला. शाळेत सातवीला विज्ञान शिकवणारा माणूस मी. सूत विजेला नीट अडवत नाही, त्यात घाम-ओल शिरली की मुळीच नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. पण त्या वेळी मला वाटलं, टेपपेक्षा हा दोरा पक्का.

सहा महिने गाडी गुमान चालली. मग फ्यूज जायला लागला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, फ्यूज म्हणजे नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा, आत एक बारीक तार. करंट बेताबाहेर गेला की ती तार जळते आणि तेवढा भाग बंद पडतो. आमच्या गाडीत जो फ्यूज जायचा, त्याच्यावरच पेट्रोलचा पंप होता. म्हणजे तो गेला की गाडी धापा टाकून जागच्या जागी उभी. कधी खड्ड्यात, कधी उसाच्या ट्रॉलीला बाजू देताना. निळा फ्यूज काढायचा, निळा घालायचा, पुन्हा चालू. कधी आठवडाभर काही नाही, कधी एका फेरीत दोनदा.

गंगाखेडला दोघांना दाखवली, पालमला एकाला. एकानं पंप बदलायला लावला. दुसऱ्यानं निळा काढून दुप्पट ताकदीचा हिरवा फ्यूज घातला आणि म्हणाला, आता जातोच कसा बघतो. तो गेला नाही, पण चार मैलांवर गाडीत रबर जळल्याचा वास सुटला, तेव्हा मीच तो उपटून फेकला. तिसरा माणूस बराच वेळ खाली डोकं घालून बसला होता. त्याला तो पिवळा दोरा दिसला. त्यानं हात मागं घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाला, “हे देवाचं हाय, ह्याला काय न्हाई होत.” मला तेव्हा केवढं बरं वाटलं होतं. त्याच्या भक्तीचं कौतुक मी घरी येऊन बायकोला सांगितलं.

एप्रिलच्या सुरुवातीला एका शुक्रवारी गंगाखेडच्या अलीकडं एका फाट्यावर गाडी बंद पडली. मी फ्यूजचा डबा उघडून शिव्या घालत होतो, तेवढ्यात एक मोटारसायकल थांबली. साठीचा माणूस, पांढरी विजार, खिशात पेन. विचारलं, काय झालं गुरुजी? मास्तर माणूस लांबून ओळखू येतो म्हणतात, ते खरं असावं. म्हणाला, मी पुण्याला गॅरेजात गाड्यांचं वायरिंगच केलं जन्मभर, आता इथं फाट्याच्या वस्तीवर असतो, बघू का?

मी त्याला आडनाव विचारलं. आमच्याकडं अनोळखी माणसाला आडनाव कशाला विचारतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्यालाही होतं. त्यानं सरळ सांगितलं, आणि मोटारसायकलीवरचं निळं चक्र मला तेव्हाच दिसलं. तो खाली वाकला, बॅटरीच्या उजेडात पाहिलं, आणि दोन मिनिटांत त्या पिवळ्या दोऱ्यापाशी थांबला. हात लावला नाही. मान वर करून म्हणाला, “तुमचा देव हाय, म्हणून विचारतो. हे सोडून बघू का?”

मी म्हणालो, “नको. त्याला हात लावू नका.”

तिसऱ्या मिस्त्रीनं हात मागं घेतला तेव्हा मला भक्ती वाटली होती. पण त्याला तर मी तो दोरा सोडून बघ म्हटलंही असतं, हे मला स्वतःशी कबूल करावं लागतं. ह्या माणसाला मी जो नकार दिला, तो नकार देवासाठी नव्हता. हात त्याचा होता म्हणून होता. रोज सकाळी पोरांकडून प्रतिज्ञा म्हणून घेणारा मी. असो. त्यानं ऐकून घेतलं. बायको मागच्या सीटवर घामानं निथळत होती, म्हणून त्यानं आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली पुढं केली. मी मधेच हात आडवा केला. तिला पाणी मोजून असतं, आजार आहे, एवढं एक वाक्य सांगितलं असतं तरी पुरलं असतं. मी ते सांगितलं नाही. त्यानं बाटली पिशवीत ठेवली, दोन निळे फ्यूज माझ्या हातावर टेकवले आणि जाताना एवढंच म्हणाला, “फ्यूज जायलाय हा रोग न्हाई गुरुजी. तो जळायलाय म्हणून गाडी जळंना. काय तरी सांगायलाय तो, ऐका.”

परभणीला पोचलो. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बायको म्हणाली, “भाऊ चांगला होता वो.” मी गाडी लावायला निघून गेलो.

पुढच्या शुक्रवारी त्याचे दोन्ही फ्यूज आमच्या गावापासून पाच मैलांच्या आत जळाले. माझ्याकडचेही संपले. त्या दिवशी डायलिसिस चुकलं. शनिवार-रविवार तिनं उशांना टेकून बसून काढले, आडवं झालं की श्वास कोंडायचा. पाय सुजून चमकायला लागले. गावातल्या एकाच्या गाडीनं सोमवारी कसंबसं परभणी गाठलं, तिथं डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, हिची छाती पाण्यानं भरली होती, पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही. मी मोठ्या माणसासारखी मान हलवली. बाहेर येऊन जिन्याखाली रडलो. आणि खंडोबाला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तुझा दिवा मी एक दिवस विझू दिला नाही, आणि तू हे असं?

घरी आल्यावर हे सगळं मी मोठ्यानं तिच्यासमोरही बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “त्याला बसवलंत उजेडात, आन् मला बसवलंत रस्त्यात. त्यो काय करील?” मला तिचा राग आला. आजारी माणसावर रागावता येत नाही म्हणून मी अंगणात जाऊन बादलीला लाथ मारली.

पालमच्या त्याच मिस्त्रीला गाडी पुन्हा दाखवली. त्यानं फ्यूज बसवायचा खोका साफ केला आणि म्हणाला, आता बिनघोर जा. नव्या फ्यूजांची पुडी मी खिशात ठेवली. त्या शुक्रवारी सकाळी निघालो, आणि त्याच फाट्याच्या थोडं पुढं गाडी बसली. नवीन घातला, जळाला. दुसरा घातला, चावी फिरवताच जळाला. आता तो जराही दम धरत नव्हता. पुडी संपली. दहा वाजले होते, डांबर तापायला लागलं होतं. मी रस्त्यात उभा राहून हात करत होतो. काचेवर देवादिकांची नावं लिहिलेल्या चार गाड्या गेल्या, एक थांबली नाही. त्यांना दोष कशाला देऊ, मीही कधी थांबलो नव्हतो. एसटी यायला तासभर होता, आणि आली तरी हिला तिच्यात चढवायचं कसं?

बायकोनं काच खाली केली. श्वास तोडत म्हणाली, “त्या भाऊला बोलवून आणा.”

मी म्हणालो, कुठल्या भाऊला? मला कळलं होतं, तरी विचारलं. ती म्हणाली, “तुमाला ठावं हाय.” आणि डोळे मिटले.

तो फाटा तिथून अर्ध्या मैलावर होता. ते अर्धं मैल मी कसा चाललो ते मलाच ठाऊक. डोक्यात नुसता हिशेब, आता जाऊन काय बोलायचं, कुठल्या तोंडानं बोलायचं. दोनदा परत फिरावंसं वाटलं. खरं सांगायचं तर त्या उन्हात, तेवढ्या वेळात, मला पहिल्यांदा असं वाटलं की माझ्या हातात काहीही उरलेलं नाही. नवस नाही, पेन्शन नाही, मास्तरकी नाही. देवा, तुला काय करायचं ते कर, पण तिला पोचव, एवढंच म्हणत चाललो होतो. आणि ह्या वेळी बदल्यात काही देईन असं म्हणायचं सुचलंही नाही.

तो अंगणात लिंबाखाली बसून मिक्सर दुरुस्त करत होता. मला बघून उठला. मी तोंड उघडायच्या आत त्यानं विचारलं, बाई गाडीत हायत का? मी हो म्हणालो. त्यानं पिशवी उचलली, मला मोटारसायकलीवर मागं बसवलं. वाटेत मी दोन्ही हात मांडीवर ठेवून अवघडून बसलो होतो. खड्डा आला तसा आपोआप त्याचा खांदा धरला.

पिशवीतून त्यानं इंडिकेटरचा एक जुना बल्ब काढला, त्याला दोन वायरी लावलेल्या. जळका फ्यूज काढून त्या जागी त्या दोन वायरी खोचल्या आणि मला चावी द्यायला सांगितली. बल्ब भक्कन पेटला. मग त्यानं मला समजावलं, एखाद्या पोराला समजवावं तसं. हा बल्ब पेटलाय म्हणजे करंट कुठं तरी चोरवाटेनं जायलाय. आता एकेक जोड काढत जायचा. जो काढल्यावर बल्ब विझंल, तिथं चोर. फ्यूजावर फ्यूज जाळायची गरज नाही. इतकी साधी गोष्ट, आणि चार महिन्यांत मला कुणी सांगितली नव्हती. पहिल्याच भेटीत सांगायला जो थांबला होता, त्याला मी गप्प केलं होतं.

त्यानं पंपाची जोडणी काढली. बल्ब पेटलेलाच. डॅशबोर्डवरच्या काट्यांच्या मागची काढली. पेटलेलाच. आणखी दोन काढल्या. प्रत्येक वेळी मी बल्बाकडं बघायचो आणि मग मागं वळून तिच्याकडं. तिचा तोंडानं श्वास चालला होता. मूर्तीमागचा दिवा त्या वेळी लागलेला नव्हता, त्याच्या वाटचा करंट बल्बानं खाल्ला होता. शेवटी तो टाचांवर बसला, फडक्याला हात पुसले आणि दोन्ही हात पाठीमागं घेतले.

“आता एकच राह्यलंय,” तो म्हणाला. “ते तुमी सोडा गुरुजी.”

मी म्हणालो, “तुमीच सोडा हो. लावा हात. काही नाही होत.”

“न्हाई. त्या दिशी इचारलं होतं, तुमी न्हाई म्हणला. आता मला लावायचा न्हाई.”

आवाज चढला नव्हता त्याचा. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी त्या जागी गुडघे टेकले, स्टिअरिंगखाली डोकं घातलं. दोरा घामा-धुळीनं काळा पडून ताठ झाला होता, एका बाजूनं झिजून आतली तांब्याची तार उघडी पडली होती आणि लोखंडी पट्टीला चिकटून बसली होती. मी मारलेल्या सात गाठी. एकही सुटेना. तो वर उभा राहून बघत होता, त्यानं ना पकड दिली ना ब्लेड. शेवटी दातानं तोडला. हळद आणि ग्रीसची ती चव अजून आठवते. तार पट्टीपासून ओढून सुटी केली आणि बल्ब विझला.

आयुष्यभर मी दिवा तेवत राहावा म्हणून हात जोडले. त्या दिवशी तो विझला आणि माझ्या तोंडून “खंडेराया” निघालं. मला रडू आलं, रागाचं होतं की कशाचं, सांगता येत नाही. मी चार महिने त्याला विचारत होतो की माझ्या वाटेत कोण आडवं येतंय. तो दर वेळी फ्यूज जाळून सांगत होता, आणि मी दर वेळी नवीन फ्यूज घालून त्याचं तोंड बंद करत होतो.

पुढचं काम त्यानं केलं. उघड्या तारेला काळी टेप गुंडाळली, सगळे जोड परत बसवले, आपल्याकडचा निळा फ्यूज घातला. गाडी चालू झाली. मूर्ती मी स्क्रू काढून सोडवली, ती बायकोनं मागून घेतली आणि मांडीवर पदराखाली धरून बसली. आम्ही परभणीला पोचलो तेव्हा तिची वेळ कधीच निघून गेली होती. सिस्टर मला सगळ्यांदेखत बोलली, मी ऐकून घेतलं. दुपारी एक मशीन मोकळं झालं. ती वाचली. बरी झाली असं नाही, ह्या आजारात बरं होणं नसतं. अजून मंगळवार-शुक्रवार चालू आहे, अजून पाणी मोजतो. गाडी मात्र त्यानंतर एकदाही थांबलेली नाही. मूर्ती देवघरात आहे. डॅशबोर्डवर स्क्रूची दोन भोकं राहिली आहेत, ती मी बुजवली नाहीत.

पुढच्या रविवारी शाल आणि नारळ घेऊन आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. शाळेत सत्कार करायची सवय, दुसरं काही सुचलं नाही. मी उभ्या उभ्या बरंच बोललो, माफीचंही बोललो. त्यानं शाल घेतली नाही. म्हणाला, “राहू द्या गुरुजी. गाठ तुमी सोडली, बेस केलं.” मला वाटतं त्यानं मला माफ केलेलं नाही. त्याच्या जागी मीही केलं नसतं. त्यानं मदत केली ती माफ न करता केली, आणि देवाची कृपा बहुधा अशीच असते. आपण लायक झाल्यावर यायची म्हटली तर ती कुणाच्याच दारात येणार नाही. मी तिला दोनदा नको म्हणालो होतो, तरी ती पिशवी उचलून आली. त्याबद्दल मी रोज दोघांनाही हात जोडतो, देवालाही आणि त्यालाही.

आम्हाला बसायला सतरंजी टाकली होती, पण पाणी कुणी पुढं केलं नव्हतं. गुरुजी आपल्याकडचं पीत नसतील, असं धरून चालले असतील. तशी वेळ त्यांच्यावर पुष्कळदा आली असणार. बायकोनं त्याच्या घरच्या बाईंना हाक मारली आणि म्हणाली, “बाई, जरा पाणी द्या वो.”

त्यांनी तांब्या-पेला आणला. हिनं एक पेला भरून घेतला, सावकाश, न थांबता, शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. मग दुसरा घेतला. माझ्या ओठांवर बास आलं होतं. तेवढ्यात मला आठवलं, सकाळी भरलेली बाटली घरी तशीच होती, पाणी रेघेला टेकलेलं. त्या उन्हात दुपारपर्यंत तिनं एक घोट घेतला नव्हता. दिवसाचं सगळं पाणी तिनं ह्या घरासाठी राखून ठेवलं होतं.

मी बास म्हणालो नाही. पेला खाली ठेवला तसा मी हात पुढं केला आणि म्हणालो, “बाई, मलाही द्या.”